दम चढणीला, कस उतरणीला

राजमाचीचा ट्रेक सोपा, असं लोणावळ्यात कुणीही सांगेल. तुंगार्लीवरून उधेवाडीपर्यंतची पंधरा-सोळा किलोमीटरची वाट बरीचशी गाडीरस्त्याचीच. ज्या वाटेने गेलात त्याच वाटेने परत येणार असाल, तर सोपा खराच. आम्ही मात्र श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले पाहून पलीकडे, कोंढाणे लेण्यांच्या बाजूला उतरायला घेतलं. थेट कोकणात.

अर्ध्या तासात मांडी थडथडायला लागली. खिशातला फोन व्हायब्रेट व्हावा तशी, गुडघ्याच्या बरोबर वर. पाय टाकायचा कुठे ते दिसत होतं, पण तो तिथे पडत नव्हता. पायाखाली घसारा, म्हणजे सुटा मुरूम. आणि गंमत अशी की धाप अजिबात लागलेली नव्हती, गप्पा मारण्याइतका दम शिल्लक होता. सकाळी श्रीवर्धनच्या चढणीवर फासफूस केलेली तेव्हा मात्र पाय ठणठणीत होते.

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत शरीर वर ढकलतो. त्याला प्राणवायू भरपूर लागतो, म्हणून धाप लागते आणि आपण आपोआप थांबतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकचं काम करतो. या कामाला प्राणवायू कमी लागतो, पण स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होतात. छाती तक्रार करत नाही म्हणून आपण वेग वाढवतो आणि हिशेब चुकता होतो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, जिना उतरताना. गुलमर्गच्या बर्फात पाटीवर उभं राहून घसरणाऱ्यांच्या मांड्याही याच कारणाने पेटतात. आपल्याकडे बर्फाऐवजी मुरूम, एवढाच फरक.

यावरचा उपाय स्वस्त आहे: उतारच उतरायचा. एकदा मांड्या दुखवून घेतल्या की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने स्नायू कमी दुखावतात. मोठ्या रेंज ट्रेकच्या पंधरा-वीस दिवस आधी लोहगड किंवा तिकोना नेटाने चढून, त्याहून नेटाने उतरून यावा. जिममधल्या ट्रेडमिलचा चढ वाढवून हे साधत नाही.

दुसरी मर्यादा पोटाची. स्नायू आणि यकृत मिळून साखरेचा जो साठा ठेवतात, तो साधारण २००० कॅलरींचा. लोणावळ्यातल्या ५० किलोमीटरच्या टाटा अल्ट्रासारख्या शर्यतीला तो पुरत नाही. भूक लागण्याआधी खायचं, हे आपल्या भूकलाडू-तहानलाडूवाल्या आज्यांना ठाऊक होतंच. बाजारातली चिक्की त्या कामाची आहे. गूळ लगेच लागू पडतो, शेंगदाणा सावकाश. पाण्याबरोबर मीठही पोटात जायला हवं. तासन्‌तास नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं.

तिसरी मर्यादा डोक्यातली, आणि वाद आहे तो तिच्यावरच. १९२०च्या दशकात ए. व्ही. हिल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने मांडलं की प्राणवायूचा पुरवठा संपला की शरीर थांबतं. पुढे दक्षिण आफ्रिकेचे टिम नोक्स म्हणाले, मेंदू त्याच्या बऱ्याच आधी लगाम खेचतो, थकवा हा त्याने दिलेला इशारा. नोक्स यांचा सिद्धान्त सगळ्यांना मान्य नाही. मला तो निम्मा पटतो. उधेवाडीत पिठलं-भाकरीचं ताट दिसलं की शेवटच्या किलोमीटरला पाय कुठून येतात, याचं दुसरं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. पण या सिद्धान्ताच्या जोरावर ‘दमलो हा मनाचा खेळ’ असं ट्रेकच्या ग्रुपवर सांगणारे लीडर मला धोकादायक वाटतात. दम लागणं ऐकून न ऐकल्यासारखं करता येतं. जोडीदार असंबद्ध बोलायला लागला, त्याचा तोल जाऊ लागला किंवा पाय ठरल्या जागी पडेनासा झाला, की चर्चा बंद करून सावलीत बसायचं. ढाकच्या बहिरीच्या गुहेकडे जाणाऱ्या कातळटप्प्यावर थडथडणारी मांडी घेऊन जाण्यात शौर्य कसलं? तिथे पाय सुटला तर दोर घेऊन यायचं ते शिवदुर्ग मित्र लोणावळाच्या कार्यकर्त्यांनी, आपली कामं टाकून, बरेचदा रात्री.

त्या दिवशी मी बसत-उठत, शेवटच्या टप्प्यात चक्क पार्श्वभागावर घसरत कोंढाण्याला पोहोचलो. कर्जतला लोणावळ्याकडे जाणारी गाडी मिळाली. तिला मागून बँकर इंजिनं जोडली गेली. १८६३ साली सुरू झालेल्या बोरघाटात ३७ फुटांमागे एक फूट असा चढ आहे, तिथे बहुतेक गाड्यांना असा धक्का लागतो. शेजारच्या रुळांवरून मुंबईकडे उतरणाऱ्या गाड्यांचा मामला वेगळा. त्या घाटात मुद्दाम थांबवतात आणि ब्रेक धरतोय याची खात्री झाल्यावरच पुढे सोडतात. न धरणाऱ्या गाडीसाठी कॅच सायडिंगचा उलट चढणारा रूळ तयारच असतो.

लोणावळ्याला उतरलो. पुलाच्या पायऱ्या चढलो आरामात. पलीकडच्या उतरताना मात्र कठडा दोन्ही हातांनी धरला आणि खेकड्यासारखा आडवा उतरलो.