पिस्टनच्या रिंगांची फट

विहिरीच्या काठावर वर्षानुवर्षे पाणी उपसणारे डिझेल इंजिन निळा धूर सोडू लागले, वंगणाचा खप वाढला आणि हँडल फिरविताना हाताला पूर्वीचा विरोध लागेनासा झाला, म्हणजे पिस्टनवरच्या रिंगा झिजल्या असाव्यात, असे अनुमान जाणता मिस्त्री बांधतो, आणि ते बहुधा खरे ठरते. एके ठिकाणी छेदलेली व स्वतःच्याच स्थितिस्थापकतेने सिलिंडरच्या भिंतीस लगटून राहणारी धातूची रिंग जॉन रॅम्सबॉटम या इंग्रज अभियंत्याने १८५० नंतरच्या दशकात वाफेच्या इंजिनासाठी योजिली. तिची कामगिरी आजही तीच आहे. वरच्या रिंगा ज्वलनाचा वायू खाली निसटू देत नाहीत, आणि त्यांच्या मागे शिरलेला तोच वायू त्यांना भिंतीवर अधिक दाबतो. खालची ऑइल रिंग जादा वंगण खरवडून परत पाठविते.

नव्या रिंगा पाकिटातून काढून तडक पिस्टनवर चढविण्याची जी चाल कित्येक ठिकाणी पडली आहे, ती इंजिनावर उघड अन्याय करणारी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्येक रिंग प्रथम सिलिंडरमध्ये घालावी, उलट्या पिस्टनने ढकलून ती तिरपी न राहील अशी बसवावी, आणि तिच्या दोन टोकांमधील फट फिलर गेजच्या पात्यांनी मोजावी. कारखानदाराच्या पुस्तिकेतील आकडा अखेरचा मानावा. ढोबळ हिशेब असा, की सिलिंडरच्या व्यासाच्या दर इंचामागे ३ ते ४ हजारांश इंच, म्हणजे ८० मिलिमीटर व्यासास सुमारे पाव ते एक तृतीयांश मिलिमीटर. या फटीचे प्रयोजन उष्णतेत आहे. ८० मिलिमीटरच्या रिंगचा परीघ सुमारे २५१ मिलिमीटर भरतो, आणि ती सिलिंडरच्या भिंतीपेक्षा १०० अंश सेल्सिअसने अधिक तापली, तर बिडाची ही रिंग पाव मिलिमीटरच्या आसपास वाढते. तेवढी जागा न मिळाल्यास टोके एकमेकांस भिडतात, रिंग भिंतीत रुतून चरे पाडते, नाहीतर मोडते. म्हणूनच फट किंचित अधिक राहिलेली परवडते, कमी राहिलेली मुळीच परवडत नाही.

जुन्या सिलिंडरमध्ये ही फट कोठे मोजावी, याविषयी पुष्कळांची गफलत होते. उष्णता व दाब वरच्या टोकाशी प्रखर आणि वंगण तेथे तुटपुंजे, यास्तव झीज तेथे सर्वाधिक होते, व्यास ०.१ मिलिमीटरने वाढला, की फट ०.३ मिलिमीटरहून थोडी अधिक रुंदावते. वर मापून बेताची ठरलेली रिंग खाली अरुंद जागेत उतरताच तिची टोके भिडण्याचा संभव असतो. करिता रिंगच्या फेरीतील सर्वांत खालच्या, कमी झिजलेल्या भागातच मोजणी करावी.

फट कमी भरल्यास बारीक कानशीने एकच टोक, बाहेरून आतल्या बाजूस, हलक्या हाताने घासावे, म्हणजे क्रोमचा मुलामा उडत नाही. पिस्टनच्या खाचांतील काजळी साफ करावी, खुणेची बाजू वर ठेवावी, फटी एका रेषेत येऊ देऊ नयेत. पुढे इंजिन सुरू झाल्यावर प्रारंभीचे काही तास त्यास बेताचा भार द्यावा. बिनभाराचे चालविल्यास वायूचा दाब अपुरा पडतो, आणि रिंग भिंतीवर नीट बसण्यापूर्वीच भिंत गुळगुळीत होऊन जाते.