स्कूटरवर कुत्रा नेताना

गिअर नसलेल्या स्कूटरच्या सीटपुढे पाय ठेवायला एक सपाट जागा असते. या हातभर जागेत गॅसचा सिलिंडर बसतो, तांदळाचे पोते बसते, सकाळी शाळेला निघालेले पोर उभे राहते. पुणे, नाशिक, पणजी अशा दुचाकींच्या शहरांत कुत्राही तिथेच बसतो. लस टोचायला डॉक्टरकडे जायचे असो, रविवारी टेकडीवर जायचे असो, की गावाला जाताना त्याला नातेवाइकांकडे सोडायचे असो, चारचाकी नसलेल्या घरात कुत्र्याचे वाहन म्हणजे स्कूटर. मोठा कुत्रा दिसला की रिक्षावाले बहुधा मान हलवून पुढे जातात.

जुन्या स्कूटरवर ही सोय एवढी सरळ नव्हती. १९७२ मध्ये आलेल्या बजाज चेतकचा मागचा ब्रेक उजव्या पायाखाली, याच जागेत होता. तिथे कुत्रा बसवला की त्याचे धड ब्रेकच्या आड यायचे. १९८४ मध्ये आलेल्या कायनेटिक होंडाने हाताने बदलायचे गिअर काढून टाकले आणि दोन्ही ब्रेक हँडलवर आणले. २००१ मध्ये आलेल्या होंडा ॲक्टिव्हाने हीच रचना घरोघरी नेली. चालवणाऱ्याच्या पायांना काम उरले नाही आणि पुढची जागा सामानाला मोकळी झाली. पण सामान जिथे ठेवावे तिथे राहते. कुत्रा राहत नाही, आणि स्कूटरवर कुत्रा नेण्यातल्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात.

गाडी थांबते, कुत्रा थांबत नाही

ताशी ३० किलोमीटरने जाणारी स्कूटर सेकंदाला सुमारे सव्वाआठ मीटर अंतर कापते. समोर कोणी आडवे आले आणि जोरात ब्रेक दाबला, तर गाडीचा वेग उतरतो. वर नुसता उभा असलेला कुत्रा मात्र आधीच्याच वेगाने पुढे जाऊ पाहतो. जोरदार ब्रेकमध्ये हा रेटा त्याच्या वजनाच्या निम्मा सहज भरतो. म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला पुढून कोणी धरले नसेल, तर १० किलोचा धक्का त्याच्या पुढच्या दोन पायांवर आणि छातीवर येतो. याच वेगाने थेट धडक बसली, तर तो आघात साडेतीन मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून पडण्याइतका असतो. वेग ४० झाला की तीच उंची सव्वासहा मीटर होते.

दुसरा प्रश्न तोलाचा. ॲक्टिव्हासारख्या स्कूटरचे वजन १०५ किलोच्या आसपास असते. १५-२० किलोचा कुत्रा म्हणजे गाडीच्या वजनाचा पाचवा ते सातवा हिस्सा, आणि तोही स्वतःच्या मर्जीने हलणारा. वळणावर गाडी एका बाजूला कललेली असताना त्याने दुसऱ्या बाजूला मान टाकली, तरी हँडलला ते जाणवते. म्हणून कुत्रा नेण्याची कोणतीही पद्धत तीन गोष्टींवर तपासता येते: वजन खाली आणि मधोमध आहे का, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळते का, आणि ब्रेक दाबल्यावर कुत्र्याला कशाचा आधार आहे.

पायाशी

पुढच्या जागेत वजन खाली राहते आणि कुत्रा डोळ्यांसमोर असतो. मध्यम आकाराच्या, १० ते २० किलोच्या कुत्र्यांसाठी ही पद्धत सर्वांत जास्त दिसते; गावठी कुत्रे बहुतेक याच वजनाचे असतात. चालवणाऱ्याचे दोन्ही गुडघे कुत्र्याच्या अंगाला कुंपणासारखे लागतात.

खरी अडचण पायाखाली असते. स्कूटरची मॅट बुटांसाठी केलेली असते. कुत्र्याची नखे तिच्यावर रुतत नाहीत आणि पंज्यांच्या गाद्या घसरतात. स्पीडब्रेकर आला की मागचे पाय आधी सरकतात. कुत्रा ते सावरण्यासाठी पाय फाकवतो, आणि एक पंजा कडेबाहेर जातो. तिथून उडी मारणे किंवा पडणे एका क्षणाचे काम. त्यावर साधा उपाय म्हणजे मूळ मॅटवर घट्ट बसणारी, खरखरीत जाड रबराची किंवा काथ्याची मॅट. पावसाळ्यात ती ओली झाली की उपयोग निम्म्यावर येतो.

कुत्रा आडवा उभा राहिला, तर तोंड एका बाजूने आणि शेपटी दुसऱ्या बाजूने बाहेर येते. शेजारून जाणाऱ्या गाडीच्या हँडलशी त्याच्या तोंडाची गाठ पडू शकते. तोंड पुढे करून बसलेला कुत्रा जास्त स्थिर असतो. मात्र लॅब्रेडॉरसारखा २५ ते ३५ किलोचा कुत्रा तिथे बसला, तर त्याचे डोके हँडलच्या खाली तरी येते किंवा वर तरी. खाली असेल तर वळताना हँडल त्याच्या मानेला अडते. वर असेल तर रस्ता दिसत नाही आणि पुढचे पंजे ब्रेकच्या दांड्याशी खेळू लागतात. शिवाय चालवणाऱ्याला पाय बाहेर लोंबकळत ठेवावे लागतात. एवढ्या मोठ्या कुत्र्याला ही जागा पुरत नाही, मग तो कितीही शहाणा असो.

बांधायचे कसे, हा नाजूक भाग. गळपट्ट्याला दोरी लावून ती गाडीला बांधणे सर्वांत धोक्याचे, कारण कुत्रा घसरला तर सगळे वजन गळ्यावर येऊन फास बसतो. त्याऐवजी छाती आणि पाठ यांभोवती बसणारा हार्नेस घालावा आणि पाठीवरच्या कडीला आखूड पट्टा लावावा. पट्ट्याची लांबी एवढीच, की कुत्र्याला बसता-उठता यावे, पण कडेबाहेर पाय टाकता येऊ नये. दुसरे टोक गाडीच्या धातूच्या पक्क्या भागाला हवे. सीटखालचा पिशवी अडकवायचा हूक दोन-चार किलो भाजीसाठी असतो, कुत्र्याच्या हिसड्यासाठी नाही. गाडी पडली तर बांधलेला कुत्रा तिच्याबरोबर फरफटण्याची भीती राहते. न बांधलेला वाहतुकीत फेकला जातो किंवा घाबरून पळतो. निवड दोन वाइटांतली आहे. गर्दीच्या रस्त्यावर आखूड पट्टा त्यातल्या त्यात बरा.

दोघांच्या मध्ये

घरातले दुसरे कोणी बरोबर असेल, तर कुत्र्याला चालवणारा आणि मागे बसणारा यांच्यामध्ये घेता येते. त्याची छाती चालवणाऱ्याच्या पाठीला टेकते, त्यामुळे ब्रेक दाबला की पुढे आधार असतो. मागचा माणूस दोन्ही हातांनी हार्नेस धरू शकतो. हँडल मोकळे राहते आणि चालवणाऱ्याचे लक्षही. आठ-दहा किलोच्या कुत्र्यांना हे चांगले मानवते. मागच्याने एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात कुत्रा धरला, तर या पद्धतीचा सगळा फायदा जातो. तीन जिवांचे वजन गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या कमाल भारापेक्षा जास्त होत नाही ना, हेही पाहावे लागते.

पिशवी आणि पिंजरा

पग, पॉमेरेनियन, शिह त्झू, डॅशहुंड यांच्यासारख्या सहा-आठ किलोपर्यंतच्या कुत्र्यांना खांद्यावर अडकवायच्या जाळीदार पिशव्या मिळतात. बारीक चणीच्या माणसाला एवढेही वजन जड जाते. पिशवी छातीवर घेतली तर कुत्रा समोर दिसतो, पण हात आणि हँडल यांच्या मध्ये येतो. पाठीवर घेतली तर हात मोकळे राहतात. मात्र तो काय करतोय हे कळत नाही. पिशवीचा तळ कडक हवा, आत हार्नेसला लावायची कडी हवी, आणि चेन आतून नाकाने उघडता येणार नाही अशी हवी. चारही पाय बाहेर लोंबणाऱ्या पिशवीत सगळा भार जांघांवर आणि पाठीवर येतो. डॅशहुंडचा कणा लांब आणि मणक्यांच्या चकत्या नाजूक असल्याने त्याला ती अजिबात नको.

दुसरा मार्ग मागच्या सीटवर किंवा कॅरिअरवर जाळीचा पिंजरा बसवण्याचा. बंद पिंजऱ्यात उडी मारण्याचा प्रश्नच येत नाही. पण पिंजरा दोन आडव्या आणि एका उभ्या पट्ट्याने आवळलेला असावा. नुसत्या इलॅस्टिकच्या दोरीने बांधलेला पिंजरा प्रत्येक खड्ड्यात उसळतो. मागच्या चाकाच्याही मागे, उंचावर वजन ठेवले की पुढचे चाक हलके होते आणि चढावर हँडल डुलू लागते. म्हणून पिंजरा जितका पुढे सरकेल तितका बरा. डिलिव्हरीवाल्यांच्या गाड्यांवर दिसतात तसे बंद प्लास्टिकचे डबे यासाठी चालत नाहीत. आत हवा खेळत नाही. सीटखालच्या डिकीत तर पाचच मिनिटांसाठी म्हणूनही कुत्र्याचे पिल्लू ठेवू नये. खाली इंजिन असते आणि वर सीट घट्ट बंद होते.

साइडकार

मोठ्या कुत्र्यासाठी स्कूटरवरची सर्वांत स्थिर जागा साइडकार. एके काळी चेतकला डाव्या बाजूने साइडकार जोडून चौघांचे कुटुंब फिरायला निघालेले दिसे. मोटार वाहन कायद्यातल्या मोटरसायकलच्या व्याख्येतही जास्तीचे चाक असलेली, सुटी करता येणारी साइडकार धरलेली आहे. तिच्यात कुत्रा आडवा पडू शकतो आणि गाडी उलटण्याची भीती कमी होते. पण चालवण्याची सवय नव्याने करावी लागते. गाडी वळणावर कलत नाही, ब्रेक दाबल्यावर एका बाजूला ओढते, आणि डाव्या वळणाला रिकामी साइडकार उचलली जाते. ती पक्की बसवून घेणे आणि बदलाची नोंद परिवहन कार्यालयात करणे, हे दोन्ही लागते.

पट्टा हातात धरून कुत्र्याला स्कूटरच्या बाजूने पळवण्याचा प्रकारही पहाटे पाहायला मिळतो. त्याला व्यायाम म्हणतात. कुत्रा दमला तरी गाडी दमत नाही, आणि तो वाटेत एकदा थबकला की माणूस, गाडी आणि कुत्रा तिघेही रस्त्यावर येतात.

कायदा काय म्हणतो

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२८ दुचाकीवर चालकाशिवाय एकाच माणसाला परवानगी देते. कुत्र्याचा त्यात उल्लेख नाही. मात्र कलम १२५ नुसार चालकाच्या ताब्यात अडथळा येईल अशा रीतीने काहीही ठेवता येत नाही, आणि हँडलला अडणारा कुत्रा त्यात येतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये जनावराला विनाकारण वेदना होतील अशा रीतीने वाहून नेणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला तिथे लिहिलेला दंड १० ते ५० रुपये आहे, म्हणजे साठ वर्षांपूर्वीच्या रुपयांतला. चार वर्षांखालील मुलांसाठी २०२२ च्या नियमांनी दुचाकीवर सुरक्षा पट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा घातली. कुत्र्यासाठी असा स्वतंत्र नियम नसला, तरी ४० चा आकडा त्यालाही लावायला हरकत नाही. शहरात प्रत्यक्षात ३० पुरे.

ऊन, धूळ, पोट

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. त्याचे शरीर मुख्यतः धापा टाकून थंड होते. त्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. ते ४१ च्या वर गेले तर उष्माघात, आणि तातडीने डॉक्टर. चालत्या गाडीवर वारा लागतो म्हणून ऊन जाणवत नाही. सिग्नलला थांबले की खालून डांबर आणि बाजूने बसचा धूर, दोन्ही नेमके कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर येतात. पग आणि शिह त्झूसारख्या चपट्या नाकाच्या जातींना धाप टाकूनही पुरेशी हवा घेता येत नाही. त्यांना एप्रिल-मेच्या दुपारी स्कूटरवर नेऊच नये. उन्हात उभ्या गाडीची मॅट तळहात टेकवून पाहावी. हाताला सोसत नसेल तर पंज्यांनाही सोसणार नाही. धूळ आणि किडे डोळ्यांत जातात, त्यामुळे घरी आल्यावर डोळे ओल्या कापसाने पुसावेत. निघण्याआधी दोन-तीन तास खायला दिले नाही तर वाटेत उलटी होण्याची शक्यता कमी होते. पिल्लांना गाडी जास्त लागते.

सवय आणि प्रवास

कुत्र्याला स्कूटर शिकवायला आठवडा-दोन आठवडे लागतात. गाडी मधल्या स्टँडवर लावून, इंजिन बंद ठेवून त्याला नुसते बसवायचे, बिस्किटाचा तुकडा द्यायचा आणि उतरवायचे. दोन-तीन दिवसांनी इंजिन सुरू करायचे. कुत्रे गाडीच्या वेगापेक्षा पायाखालच्या थरथरीला जास्त बिचकतात. मग एकाने गाडी हाताने ढकलायची आणि दुसऱ्याने हार्नेस धरायचा. त्यानंतर सोसायटीच्या आवारात एक फेरी, पुढे गल्लीच्या टोकापर्यंत. कान मागे पाडणे, सारखे ओठ चाटणे, लाळ गळणे, अंग थरथरणे ही नको म्हणण्याची भाषा आहे. ती दिसली की एक पायरी मागे यावे. काही कुत्र्यांना ही सवय लागतच नाही, आणि त्यांना रिक्षाच बरी.

रस्त्यावर सर्वांत मोठी परीक्षा असते ती दुसऱ्या कुत्र्यांची. गल्लीतल्या टोळीला गाडीवरच्या परक्या कुत्र्याचा वास लागला की ती भुंकत मागे धावते. गाडीवरचा गुरगुरत तोंड वळवतो आणि तोल डळमळतो. अशा वेळी वेग वाढवला तर टोळी आणखी चेव धरते. वेग कमी करून, हळू बोलत, सरळ रेषेत पुढे जावे. शक्य असेल तर ती गल्ली आधीच टाळावी. वळणे रुंद घ्यावीत, स्पीडब्रेकरवर गाडी जवळजवळ थांबवावी आणि पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा दुप्पट अंतर ठेवावे. गळपट्ट्यावर मालकाचा फोन नंबर लिहिलेला बिल्ला असावा.

मुक्कामी पोचल्यावर इंजिन बंद करून गाडी स्टँडवर घ्यावी. पट्ट्याचे गाडीकडचे टोक आधी हातात घ्यावे आणि मगच ते सोडवावे. उलटे केले, तर टोक सुटताच कुत्रा रस्ता ओलांडून गेलेला असतो. उतरवायचे ते डावीकडून, कारण बहुतेक स्कूटरचा सायलेन्सर उजव्या बाजूला असतो आणि वीस मिनिटांच्या प्रवासानंतर तो चटका देण्याइतका तापलेला असतो. लहान कुत्र्याला उचलून खाली ठेवावे. मोठ्याला उतरल्यावर पाणी द्यावे आणि पाय मोकळे करायला दोन मिनिटे चालवावे.