गुप्त भीमेच्या काठाने

महाराष्ट्राचा नकाशा उघडून भीमा नदी शोधा. पुणे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, भीमाशंकरपाशी, तिची निळी रेघ सुरू होते आणि सोलापूर जिल्ह्यातून कर्नाटकात शिरून रायचूरच्या उत्तरेस कृष्णेला मिळते. लांबी सुमारे ८६० किलोमीटर. आता पट्टी घेऊन उगमापासून पश्चिमेकडचे अंतर मोजा. अरबी समुद्र जेमतेम पाऊणशे किलोमीटरांवर! घरापासून हाकेच्या अंतरावर असलेला समुद्र सोडून हे पाणी थेट बंगालच्या उपसागराकडे का निघाले?

सह्याद्रीचा माथा हे त्याचे कारण. भीमाशंकर सुमारे हजार मीटर उंचीवर आहे. पश्चिमेला थोड्याच अंतरात कडा आठशे मीटर खाली कोकणात कोसळतो, तर पूर्वेला जमीन हळूहळू उतरत जाते. कड्याच्या धारेवर शेजारी शेजारी पडलेले पावसाचे दोन थेंब घ्या. एक कोकणात उतरून उल्हास नदीतून वसईच्या खाडीत जाईल, दुसरा पूर्वेकडे ओघळून भीमेचा होईल. या धारेला जलविभाजक म्हणतात. ती कायमची नव्हे, हेही लक्षात ठेवा. कोकणच्या बाजूचे ओढे तीव्र उतारामुळे कडा पोखरत मागे मागे सरकत असतात. लक्षावधी वर्षांनी त्यांपैकी एखादा भीमेच्या शेंड्यापर्यंत पोचला, तर तिचे वरचे पाणी तो पळवून नेईल. भूगोलात याला नदीचौर्य असे मोठे मजेदार नाव आहे.

देवळापासून पूर्वेकडे जंगलातून चालू लागले की एका लहानशा ओढ्याची साथ मिळते. ‘गुप्त भीमाशंकर’ म्हणतात ते ठिकाण याच वाटेवर आहे. देवळापाशी उगम पावलेली नदी गुप्त होते व येथे पुन्हा प्रकट होते, अशी भाविकांची समजूत आहे. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी सह्याद्रीतील ओढे असे लपतात आणि पुन्हा दिसतात हे खरे आहे. येथील खडक म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेले लाव्हाचे थर. काही थर घट्ट. पण त्यांना भेगा असतात. काही थर जाळीदार, वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ झालेले. दोन थरांमध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा पट्टा सापडतो. भेगांतून खाली उतरणारे पाणी अशा चिकट पट्ट्यावर किंवा अखंड खडकावर अडते, आडवे सरकते आणि थर जेथे उतारावर उघडा पडला असेल तेथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. उन्हाळ्यात ओढ्याचे पात्र कोरडे असूनही मधेच एखादा डोह भरलेला दिसतो, त्याचे रहस्य बहुधा हेच.

या थरांमुळे ओढ्याचा मार्गही जिन्यासारखा होतो. घट्ट थराच्या कडेवरून पाणी उडी घेते, खालच्या मऊ थरात डोह खणते, थोडे सपाट चालते आणि पुन्हा उडी घेते. वाटेत माणसाहून मोठे धोंडे पडलेले दिसतात. एवढासा ओढा ते कसे हलवतो? येथे एक चमत्कारिक नियम आहे: प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, की त्याला ढकलता येणाऱ्या धोंड्याचे वजन दुप्पट किंवा चौपट नव्हे, तर ६४ पट होते. म्हणूनच वर्षभराचे खरे काम आषाढ-श्रावणातल्या दोन-चार पुरांत उरकते. खळग्यात अडकून गरगर फिरणारे गोटे खडकाला भोके पाडतात. त्यांना रांजणखळगे म्हणतात. भीमेच्याच खोऱ्यात, कुकडी नदीवर निघोज येथे ते फार प्रेक्षणीय आहेत.

आता वर पाहा. अंजनी, जांभूळ, हिरडा यांच्या छताखाली ओढ्यावर ऊन क्वचितच पोचते. त्यामुळे पाण्यात शेवाळ फारसे वाढत नाही. मग येथील प्राण्यांचे अन्न कोणते? झाडांवरून पडणारी पाने! पान पाण्यात पडले की बुरशी त्याला मऊ करते. मग वाळूचे कण चिकटवून स्वतःभोवती नळी बांधणाऱ्या कॅडिसमाशीच्या अळ्या, खेकडे इत्यादी मंडळी ते कुरतडतात. त्यांचा चुरा खाली राहणाऱ्यांच्या वाट्याला येतो. थोडक्यात, ओढा जगतो तो काठावरच्या रानावर. शेकरूसाठी प्रसिद्ध असलेले हे रान १९८५ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले.

रान तोडले तर ओढा आटेल, असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात हिशेब एवढा सरळ नाही. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधील हबर्ड ब्रूक येथे १९६५ साली एका लहान ओढ्याच्या पाणलोटातील, म्हणजे सुमारे १६ हेक्टरांवरील, सगळी झाडे पाडून तेथेच ठेवली आणि नवी पालवी औषध फवारून रोखली. पहिल्या वर्षी ओढ्याचे पाणी सुमारे ४० टक्क्यांनी वाढले! कारण झाडे स्वतःही पुष्कळ पाणी पितात व हवेत सोडतात. पण त्या पाण्याबरोबर जमिनीतील नायट्रेटसारखी पोषकद्रव्येही अनेक पटींनी वाहून गेली. तेथे वर्षभर पाऊस आणि बर्फ. आपल्याकडे चार महिन्यांत सारा पाऊस. उघड्या, तुडवलेल्या उतारावर तो मुरत नाही, माती घेऊन धावतो. तेव्हा एकूण पाणी किती यापेक्षा चैत्र-वैशाखात झऱ्याला किती उरते, हा आपल्याकडे जिव्हाळ्याचा प्रश्न आहे.

तो तुम्हांलाही मोजता येईल. ओढ्याचा १० मीटर सरळ भाग निवडा व त्यात वाळके पान सोडा. समजा, त्याला २५ सेकंद लागले, तर वेग सेकंदाला ०.४ मीटर. पात्राची रुंदी १.५ मीटर आणि सरासरी खोली ०.२ मीटर असेल, तर छेद ०.३ चौरस मीटर. गुणाकार ०.१२ घनमीटर, म्हणजे सेकंदाला १२० लिटर. मात्र पृष्ठभागावरचे पाणी तळापेक्षा जलद चालते, म्हणून उत्तराला ०.८ ने गुणा: सुमारे ९६ लिटर. दसऱ्यापासून ओढा आटेपर्यंत दर रविवारी ही नोंद ठेवा. पावसाळ्यात मात्र पात्रात उतरू नका. माथ्यावर पडलेल्या सरीचे पाणी, तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही, काही मिनिटांत खाली पोचते.