विश्लेषण : भाजीचा कचरा जनावरांना किती द्यावा? कोबीचा पाला चालतो, मग कांद्याने धोका का?

कांद्याचे भाव कोसळले की चाळीत सडू लागलेला माल गोठ्याकडे वळतो. बाजार समितीच्या आवारात पडलेला कोबी-फ्लॉवरचा पाला गोळा करून नेणारे पशुपालकही बरेच आहेत. वैरण महाग असताना हा फुकटचा चारा मोलाचा वाटतो. पण निवड चुकली तर दुभते जनावर दगावू शकते.

पोषण किती मिळते?
फ्लॉवरचा पाला आणि दाणे काढलेल्या मटारच्या शेंगा यांत प्रथिने चांगली असतात. मात्र पाल्यात सुमारे ९० टक्के पाणी असते. म्हणजे १० किलो पाल्यातून जेमतेम १ किलो शुष्क पदार्थ मिळतो. ४०० किलो वजनाच्या गायीला रोज साधारण १० ते १२ किलो शुष्क पदार्थ लागतात. नुसत्या पाल्यावर तिला जगवायचे तर १०० किलोंहून अधिक पाला लागेल. त्यामुळे पाला ही कडब्याला जोड आहे, पर्याय नाही.

कांदा धोकादायक का?
कांद्यातील गंधकयुक्त घटकांमुळे रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. शेळ्या-मेंढ्यांपेक्षा गायींना हा त्रास अधिक होतो. लघवी लालसर-तपकिरी होते, हिरड्या फिक्या पडतात, धाप लागते. ही लक्षणे काही दिवसांनी दिसतात. त्यामुळे ‘काल खाल्ला, काही झाले नाही’ हा भरवसा फसवा ठरतो.

आणखी काय टाळावे?
• हिरवे पडलेले, मोड आलेले बटाटे : त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य असते.
• अख्खे बटाटे, बीट : अन्ननलिकेत अडकतात आणि पोट फुगते. बारीक चिरूनच द्यावेत.
• बुरशी लागलेला माल : बुरशीतील अफ्लाटॉक्सिन दुधातही उतरते.
• कार्यातला उरलेला भात, पोळ्या : एकदम जास्त दिल्यास पोटात आम्ल वाढून जनावर दगावू शकते.
• प्लास्टिक पिशव्या, सुतळी, रबर : हे पचत नाही, पोटात साठत जाते.

मग द्यायचे कसे?
पाला निवडून, धुऊन थोडा सुकवावा आणि कडबा कुट्टीत मिसळावा. सुरुवात थोड्या पाल्याने करून आठवडा-दोन आठवड्यांत प्रमाण वाढवावे. पाला जास्त असेल तर कुट्टी मिसळून मुरघास करता येतो. ओलावा ६५ ते ७० टक्के हवा. मिश्रण मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकत असेल तर आणखी कुट्टी घालावी. नंतर घट्ट दाबून, हवाबंद करून साधारण ४५ दिवस ठेवावे.

त्रास झाल्यास काय करावे?
लघवीचा रंग बदलला, पोट फुगले किंवा रवंथ थांबले तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. तो चारा लगेच बंद करून पशुवैद्यकाला बोलवावे किंवा फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ या टोल फ्री क्रमांकावर संपर्क साधावा. जनावराने काय आणि किती खाल्ले, हे सांगितल्यास उपचार लवकर सुरू होतात.