सरकारच्या मालकीचं चर्च आणि सरकारी पगारावरचा इमाम

'सेक्युलर' या एका शब्दाला मराठीत आपल्याकडे किती तरी प्रतिशब्द आहेत. धर्मनिरपेक्ष, निधर्मी, इहवादी, वर सर्वधर्मसमभाव आहेच. प्रत्येकाचा अर्थ थोडा वेगळा, आणि आपली बरीचशी भांडणं त्या फरकातूनच होतात. आज आपण शब्द जरा बाजूला ठेवू आणि व्यवहार पाहू. एखाद्या देशात धर्म आणि राजकारण यांचं नातं कसं आहे हे समजून घ्यायचं असेल तर आम्ही दोन साधे प्रश्न विचारतो. प्रार्थनास्थळाची मालकी कोणाची? आणि पुजाऱ्याला पगार कोण देतं? राज्यघटनेत काहीही लिहिलेलं असो, हा हिशेब पाहिला की पुष्कळ गोष्टी कळतात.

सुरुवात फ्रान्सपासून करू. 15 एप्रिल 2019 च्या संध्याकाळी पॅरिसचं नोत्र-दाम पेटलं, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. त्या इमारतीचा मालक कोण? पोप नाहीत, पॅरिसचे आर्चबिशपही नाहीत. मालक आहे फ्रेंच सरकार. आणि हा तोच देश, ज्याने 9 डिसेंबर 1905 च्या कायद्याने जाहीर केलं की प्रजासत्ताक कोणत्याही पंथाला मान्यता देणार नाही, पगार देणार नाही, अनुदान देणार नाही.

हे कसं झालं? त्या वेळचं फ्रान्स दोन गटांत फाटलेलं होतं. द्रेफ्यूस प्रकरण ताजं होतं. एका ज्यू लष्करी अधिकाऱ्यावर हेरगिरीचा खोटा आरोप, आणि कॅथलिक वर्तुळातला मोठा भाग त्या आरोपाच्या बाजूने उभा. प्रजासत्ताकवाद्यांना चर्च म्हणजे राजेशाहीचा मागचा दरवाजा वाटत होता. म्हणून नेपोलियनने 1801 मध्ये पोपशी केलेला करार मोडला, धर्मगुरूंचे पगार बंद झाले. पण आधीपासून उभ्या असलेल्या इमारती सरकार आणि नगरपालिकांच्या ताब्यात राहिल्या, आणि वापर कॅथलिकांना फुकट. त्यामुळे आजही एखाद्या खेड्यातल्या जुन्या चर्चचं छत गळायला लागलं की प्रश्न थेट नगरपालिकेच्या बैठकीत येतो! मशिदी बहुतेक सगळ्या 1905 नंतरच्या, त्यांना ही सोय नाही. अपवाद पॅरिसच्या मोठ्या मशिदीचा. ती 1926 ची, पहिल्या महायुद्धात फ्रान्ससाठी मेलेल्या मुस्लिम सैनिकांच्या स्मरणार्थ, आणि तिला सरकारी पैसा मिळाला होता.

आणखी एक गंमत. 1905 मध्ये अल्सास आणि मोझेल हा भाग जर्मनीकडे होता. पहिल्या महायुद्धानंतर तो परत आला, पण 1905 चा कायदा तिथे लागू झालाच नाही. नेपोलियनचा करार तिथे अजून चालू आहे. स्ट्रासबुर्गमधल्या पाद्र्याला आणि रब्बीला आजही सरकारी पगार मिळतो. देश तोच, राज्यघटना तीच.

इथपर्यंत मुद्दा होता सरकारवर बंधन घालण्याचा. सरकारने कोणाच्या बाजूने उभं राहायचं नाही, एवढंच. 2004 मध्ये मात्र पारडं फिरलं. त्या वर्षीच्या कायद्याने सरकारी शाळांतल्या विद्यार्थ्यांना ठळक धार्मिक चिन्हं वापरायला बंदी केली. रोख हिजाबवर होता, पण शीख मुलांची पगडी आणि ज्यू मुलांची किप्पाही त्यात आली. आमच्या मते फ्रान्सच्या गोष्टीतलं हे खरं वळण. आधी तटस्थ राहायचं होतं शासनाने, आता तटस्थ दिसायचं आहे शाळकरी मुलीने. 'राष्ट्रीय मूल्य' हा शब्द दोन्ही वेळा तोच वापरला गेला. बंदीच्या बाजूनेही एक युक्तिवाद आहे, तो उडवून लावू नये: घरच्यांच्या किंवा मोहल्ल्याच्या दबावाखाली असलेल्या मुलीला निदान शाळेच्या वेळात तरी मोकळीक मिळते. पण जी स्वतःच्या इच्छेने हिजाब घालते तिचं काय, याचं उत्तर या कायद्याकडे नाही.

आता तुर्कस्तान. तिथला 'लाइकलिक' हा शब्द सरळ फ्रेंचमधून उचललेला. यंत्रणा मात्र नेमकी उलटी! 3 मार्च 1924 ला अंकाराच्या संसदेने खिलाफत बरखास्त केली. आपल्याकडे त्याच खिलाफतीसाठी गांधीजी आणि अली बंधूंनी आंदोलन उभं केलं होतं. मुंबईत भायखळ्याचं खिलाफत हाऊस अजून त्याची आठवण देतं. पण खिलाफत गेली त्याच दिवशी त्याच संसदेने धार्मिक कारभाराचं एक सरकारी खातं काढलं, ते म्हणजे 'दियानेत'. इमाम सरकारी नोकर झाले. शुक्रवारचं प्रवचन आजही बहुतांशी तिथूनच ठरतं.

एवढ्यावर थांबले नाहीत. 1932 पासून अजान अरबीऐवजी तुर्की भाषेत द्यायचा हुकूम निघाला. अरबीत अजान दिली म्हणून पुढे लोकांना शिक्षा झाल्या. 1950 मध्ये विरोधी पक्ष निवडून आला आणि त्याने महिन्याभरात ही बंदी उठवली. एवढी एक गोष्ट जरी घेतली तरी आजच्या तुर्की राजकारणाचं मूळ सापडतं. मतपेटी उघडली की दाबलेला धर्म बाहेर येतो, हे सगळ्याच पक्षांना तेव्हा कळलं.

गंमत अशी की 1980 चा लष्करी उठाव करणारे सेनापती स्वतःला अतातुर्कच्या मूल्यांचे राखणदार म्हणवत, आणि त्यांच्याच 1982 च्या घटनेने शाळांत धर्माचा तास सक्तीचा केला. हिशेब डाव्या चळवळीला शह देण्याचा होता. सोसावं लागलं अलेवींना. शिकवला गेला तो मुख्यतः सुन्नी इस्लाम. त्यावर 2007 मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ताशेरे ओढले. दुसरीकडे 1999 मध्ये मर्वे कावाकजी या निवडून आलेल्या खासदार डोक्यावर रुमाल बांधून संसदेत आल्या, तर त्यांना शपथच घेऊ दिली नाही. आज वारं उलटं आहे. जुलै 2020 मध्ये आया सोफियाची पुन्हा मशीद झाली, तेव्हा राष्ट्राध्यक्षांनी स्वतः तिथे कुराणपठण केलं. आणि दियानेत? ते तसंच आहे, फक्त आता चावी दुसऱ्याच्या हातात आहे.

ब्रिटनबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे सगळं कागदावर चुकीचं आणि व्यवहारात बरं आहे. राजा हाच चर्चचा प्रमुख, 26 बिशप वरिष्ठ सभागृहात बसतात. तरी गीतेवर हात ठेवून खासदारकीची शपथ घेणारे ऋषी सुनक पंतप्रधान झाले आणि 2023 च्या राज्याभिषेकात त्यांनीच बायबलचं वाचन केलं. कोणाला फारसं खटकलं नाही.

आता आपले दोन प्रश्न घेऊन पंढरपूरला जाऊ. 1973 चा कायदा, 2014 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, आणि बडवे-उत्पातांचे पिढीजात हक्क संपले. कारभार सरकारने नेमलेल्या समितीकडे. आषाढीची महापूजा मुख्यमंत्री सपत्नीक करतात. फ्रेंच माणसाला हे धर्मनिरपेक्षतेत बसवून दाखवणं कठीण जाईल. पण याच देवळाचे दरवाजे दलितांना उघडावेत म्हणून 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषण करावं लागलं, आणि पुढे घटनेच्या 25 व्या कलमाने हिंदूंची सार्वजनिक देवळं सर्व थरांना खुली करण्याचा अधिकार शासनाला दिला. शासन देवळात शिरलं त्यामागे हेही कारण होतं. आता ते कारण आणि महापूजेचा मान या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या कशा करायच्या, यावर तुमचे प्रश्न घेऊ.