मिनिटभर बाळाची छाती बघा!

बाळाला ताप आला की आपण कपाळाला हात लावतो, खोकला झाला की ओव्याची पुरचुंडी शेकायला घेतो. पण त्याचा श्वास मोजतो का? बचत गटाच्या बैठकीत मी हे विचारलं, तर सगळ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. ‘पोट उडतंय’ एवढं मात्र प्रत्येकीला कळतं.

हे पोट का उडतं? तान्ह्या बाळाच्या बरगड्या मऊ आणि आडव्या असतात. आपल्यासारखा छाती भरून श्वास त्याला घेता येत नाही. सारी भिस्त छाती आणि पोटामधल्या पडद्यावर. न्यूमोनियात फुप्फुसं कडक झाली की बाळ भरभर श्वास घेतं. जोर लावताना बरगड्यांखाली खड्डा पडतो, नाकपुड्या फुलतात, बाळ कण्हतं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी हीच खूण गावातल्या दायांना शिकवली. ज्यांना मोजता येत नव्हतं, त्यांच्यासाठी वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधन केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा! त्या कामाने तिथले न्यूमोनियाचे बालमृत्यू घटले. १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं.

हिशेब सोपा आहे. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, एक ते पाच वर्षांत ४० किंवा त्याहून जास्त श्वास झाले, तर डॉक्टर गाठा. खड्डा पडत असेल तर आकड्याचीही वाट बघू नका.

दवाखान्यातल्या अतिदक्षता विभागात यंत्रं असतात, बोटाला ऑक्सिमीटर असतो. तरी नर्स पांघरूण बाजूला करून छाती बघतेच. कारण ऑक्सिजनचा आकडा बरा दिसत असतानाही बाळ आतून दमत असतं. पार दमलं की श्वास हळू होतो. आईला वाटतं, आता आराम पडला. बाळ हसत, दूध ओढत असेल तर खरंच आराम. पण ते मलूल पडलं, ओठ निळे झाले, तर तो सर्वांत मोठा धोका. लगेच १०८ला फोन लावा.

मैत्रिणींनो, सुनेला, शेजारणीला, पाळणाघरातल्या ताईंना हे जरूर सांगा. घड्याळ तर घरोघरी आहेच!