खुर्ची बाहेर काढली की कायदा बदलतो

फाल्गुन अमावास्येला वढू बुद्रुकला छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीवर माथा टेकायला राज्यभरातून माणसं येतात. लांबून आलेली मंडळी गाडीतच पाठ टेकतात, गाडीच्या आडोशाला चहा करतात. शेजारच्या दौंड तालुक्यात आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी यवत, वरवंडला मुक्कामाला थांबते, तेव्हा दिंड्यांच्या ट्रकांची रांग लागते. ताडपत्री, राहुट्या, पातेली, शेगड्या, शिधा, सगळा संसार त्या ट्रकात. कुठला ट्रक कुठे लावायचा हे दिंडीवाले, गावकरी आणि बंदोबस्तावरचा पोलीस यांच्या बोलाचालीत ठरतं. कलम कुणी विचारत नाही.

युरोपात याच गोष्टीची कलमं आहेत, आणि सरहद्द ओलांडली की ती बदलतात. भाड्याच्या किंवा स्वतःच्या मोटरहोममधून युरोप पाहणारी मराठी कुटुंबं आता नवलाची राहिलेली नाहीत. पलंग, ओटा, फ्रीज, संडास, सगळं चाकांवर. हॉटेलची चिंता नाही. सहल आखताना चर्चा होते ती डिझेलची, टोलची आणि कुठल्या घाटातून जायचं याची. खरी मेख मात्र संध्याकाळी सात वाजता कळते: आता गाडी लावायची कुठे, आणि लावली तर तिच्यात झोपायचं की नाही?

इटलीचं उत्तर मला सगळ्यांत आवडतं. तिथल्या १९९२च्या वाहतूक संहितेतलं १८५वं कलम सांगतं की मोटरहोम फक्त स्वतःच्या चाकांवर उभी असेल, तिच्यातून सांडपाणी गळत नसेल आणि तिने स्वतःच्या आकारापेक्षा जास्त रस्ता अडवला नसेल, तर ते ‘पार्किंग’, ‘कॅम्पिंग’ नव्हे. आत माणसं जागी आहेत की घोरत आहेत, याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही. पण जॅक लावून गाडी उचलली, छत्री ताणली, दाराशी टेबल-खुर्ची मांडली, की त्याच जागेवर, त्याच क्षणी तुमचं कॅम्पिंग सुरू. उदार वाटणाऱ्या या कलमाची दुसरी बाजूही आहे: पैसे भरून लावायच्या जागेत मोटरहोमला मोटारीच्या दीडपट दर लावायची मुभा त्यातच दिली आहे. स्पेननेही २००८च्या सूचनेत साधारण हीच रेघ ओढली. बाहेर उघडणाऱ्या खिडकीनेसुद्धा गाडीची हद्द ओलांडायची नाही, एवढ्या बारकाईने.

जर्मनीचा विचार वेगळा आहे. तिथे सवाल जागेचा नाही, ड्रायव्हरच्या डोळ्यांचा. पेंगत गाडी चालवणं धोक्याचं, म्हणून पुन्हा गाडी चालवण्याइतकं ताजंतवानं होण्यासाठी सार्वजनिक पार्किंगमध्ये एक रात्र झोप काढता येते. दुसरी रात्र काढली तर तो मुक्काम झाला. नेदरलँड्समध्ये बहुतेक ठिकाणी तेवढीही सवलत नाही आणि क्रोएशियात कॅम्पसाइट सोडून रात्र काढणं म्हणजे दंडाला आमंत्रण.

पोर्तुगालची कथा तर आपल्याकडच्या शासन निर्णयांची आठवण करून देणारी. किनाऱ्यावर गाड्यांची इतकी गर्दी झाली की २०२१च्या जानेवारीत ठरवून दिलेल्या जागांबाहेर रात्रीचा मुक्काम सरसकट बंद झाला. ओरड झाली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नियम सैल केला गेला. संरक्षित निसर्गक्षेत्रात आणि किनारपट्टीच्या नियोजित पट्ट्यात बंदी कायम. इतरत्र एका नगरपालिकेच्या हद्दीत ४८ तासांपर्यंत चालेल.

नॉर्वे-स्वीडनबद्दल तर मोठा गैरसमज आहे. निसर्गात कुणालाही हिंडण्याचा हक्क तिथे आहे, हे खरं. नॉर्वेत तो १९५७च्या कायद्यात लिहिलेला आहे: वस्तीच्या घरापासून १५० मीटर लांब राहून मोकळ्या रानात तंबू ठोका. पण हा हक्क पायी चालणाऱ्याचा. साडेतीन टनांची गाडी रानात घालणाऱ्याचा नव्हे.

साडेतीन टन हा आकडा युरोपभर पाठ सोडत नाही. नेहमीच्या मोटारीच्या लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९९७च्या आधी परीक्षा पास झालेल्यांना साडेसात टनांपर्यंत मुभा असते. त्यामुळे एकाच घरात सासरे मोठी गाडी चालवू शकतात आणि सून नाही, असं होतं. ऑस्ट्रियात साडेतीन टनांच्या आत असाल तर काचेवर विन्येट, म्हणजे मुदतीच्या टोलचं स्टिकर, चिकटवून मोकळे. त्यावर गेलात की किलोमीटरगणिक टोल मोजणारी पेटी घ्यावी लागते. जर्मनीच्या ऑटोबानवर हलक्या मोटरहोमला वेगाची सक्तीची मर्यादा नाही, साडेतीन टनांवरच्या गाडीला ताशी १००ची. फ्रान्समध्ये अशा जड गाडीवर ‘चालकाला या कोनातून दिसत नाही’ असा इशारा देणारे स्टिकर २०२१पासून सक्तीचे. आणि वजन चढायला वेळ लागत नाही. शंभर लिटर पाणी भरलं की शंभर किलो झाले. त्यावर चार माणसं, दोन सायकली, गॅस. शिवाय आपली मंडळी कुकर, पोळपाट-लाटणं आणि तांदळाची पिशवी घरी ठेवून निघतील, हे संभवत नाही.

खाण्यावरून आणखी एक. लंडनहून निघालेल्या मराठी घराला साजूक तुपाची बरणी आणि पनीर कॅलेला उतरण्याआधीच संपवावं लागतं. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यामुळे २०२१पासून तिथून येणाऱ्या प्रवाशांनी मांस आणि दुधाचे पदार्थ घेऊन संघात शिरायला मनाई आहे. एप्रिल २०२५मध्ये लाळ्या-खुरकुताच्या भीतीने ब्रिटननेही उलट दिशेला तशीच बंदी घातली. म्हणजे जाताना तूप नाही, येताना चीज नाही. ब्रिटिश पासपोर्ट असलेल्यांनाही आता शेंगेन प्रदेशात १८० दिवसांत ९०च दिवस राहता येतं. आपल्याला हा हिशेब पूर्वीपासून पाठ आहे, त्यांना नवा.

गॅसचं तर विचारूच नका. एकच युरो कित्येक देशांत चालतो, सिलिंडर चालत नाही. जर्मनीतला रिकामा सिलिंडर फ्रान्समध्ये बदलून मिळत नाही, आणि गाडीतली टाकी पंपावर भरायची तर नळीच्या तोंडाला जोडणारे चार प्रकारचे अडॅप्टर जवळ बाळगावे लागतात.

आता आपल्याकडे या. इटलीची नंबरप्लेट पोलंडमध्ये फिरवताना तिकडे कुणी नवा कर मागत नाही. महाराष्ट्रातली गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त राहिली, तर मोटार वाहन कायद्याच्या ४७व्या कलमानुसार तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. बदलीच्या नोकरीवाल्यांसाठी २०२१मध्ये नंबरप्लेटची ‘बीएच’ मालिका आली, पण ती सगळ्यांसाठी नाही. त्याच वर्षी महाराष्ट्राने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. त्याचा भर कॅराव्हॅन पार्कवर आहे. रस्त्याकडेला एक रात्र थांबलेल्या गाडीचं काय, हा इटली-जर्मनीतला मूळ सवाल मात्र आपल्याकडे अजून ढाब्यावर आणि पेट्रोल पंपावर मालकाला विचारूनच सुटतो. मला त्यात फार वावगं वाटत नाही. गाड्या थोड्या आहेत तोवर ते चालेल.

मैल्याचं मात्र तसं चालणार नाही. मोटरहोममधला संडास म्हणजे खाली एक कॅसेट, सुटकेसएवढी, चाकं आणि दांडा असलेली. ती दोन-तीन दिवसांत भरते. फ्रान्समध्ये लहानशा गावातसुद्धा नगरपालिकेचा थांबा असतो. कॅसेट ओतायला झाकणाचं तोंड, धुवायला वेगळा नळ, ओटा-मोरीच्या पाण्यासाठी जमिनीत जाळी आणि पिण्याच्या पाण्याचा नळ या सगळ्यांपासून लांब. काही ठिकाणी पाण्याच्या यंत्रात टाकायचं टोकन बेकरीत विकत मिळतं. टोकन आणायला गेलेला माणूस पाव घेऊनच परततो, आणि गावाला हवं असतं तेच.

वढू-तुळापूरच्या परिसरात कुणी कृषी पर्यटनवाला उद्या कॅराव्हॅन पार्क काढायचा म्हणाला, तर शोभेची कमान आणि सेल्फी पॉइंट आधी होईल, असा माझा अंदाज आहे. तुळापूरला भामा आणि इंद्रायणी भीमेला मिळतात आणि पुढे हेच पाणी उजनीत जाऊन साठतं. त्यामुळे पार्कच्या परवानगीचा अर्ज आला की ग्रामपंचायतीने पहिला प्रश्न कॅसेट कुठे ओतणार हाच विचारावा, आणि टाकी बांधलेली दाखवल्याशिवाय ना-हरकत देऊ नये.